डाग पाहता, मग नस का पाहत नाही?

कुष्ठरोग आता संपला, असे आपल्याकडची बरीच सुशिक्षित मंडळीही ठामपणे सांगतात. त्यांचा तरी काय दोष? दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशपातळीवर डिसेंबर २००५ मध्ये गाठले गेले आणि कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' झाल्याचे जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटून काढणे. येथे मूळ जागच्या जागीच राहिले, आकडा तेवढा ठरलेल्या रेषेखाली गेला. आजही जगात सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या भारतात असतात, वर्षाला लाखाच्या आसपास. आपल्या खान्देशातही नवे रुग्ण निघायचे थांबलेले नाहीत.

परंतु आज आकड्यांबद्दल लिहायचे नाही. माझे म्हणणे निराळे आहे. कुष्ठरोग हा दिसतो कातडीवर, पण तो मूळचा मज्जातंतूंचा म्हणजे नसांचा रोग आहे. आपण मात्र डाग पाहतो, डाग मोजतो, डागावर औषध देतो आणि डाग गेला की रुग्णाचे नाव यादीतून कमी करतो. नस तपासायचे राहून जाते. (आपल्याकडे शीर आणि नस या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. रक्त वाहून नेते ती शीर किंवा रक्तवाहिनी. स्पर्श, वेदना आणि हालचालीचा हुकूम वाहून नेतो तो मज्जातंतू. या लेखात नस म्हणजे मज्जातंतूच समजावा.)

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. भट्टी, सांडशी आणि हातोडा यांच्याशी ज्यांचा जन्मभर संबंध, त्यांच्या हाताला चटका बसणे यात नवल काही नाही. चटका बसल्यावर तो न कळणे, हे नवल. काही वर्षांपूर्वी असा एक कारागीर माझ्याकडे आला होता. उजव्या हाताच्या करंगळीखाली मोठा फोड, तो फुटून जखम चिघळलेली. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हात भाजना, पन माले समजनंच नही." चौकशी केली तेव्हा कळले, की दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे त्याने कुष्ठरोगाची औषधे घेतली होती. पूर्ण घेतली होती, एकही पाकीट चुकवले नव्हते. पाठीवरचा डागही मावळला होता. तेथे त्याला 'तू बरा झालास' असे सांगून रजा दिली गेली. मी त्याच्या कोपराच्या आतल्या हाडामागे बोट लावून पाहिले. तेथली नस सुतळीइतकी जाड लागत होती आणि दाबताच तो कळवळला. दोन वर्षांत कोणी कोपराला हात लावला होता का, असे विचारले. नाही म्हणाला.

त्याच्या शरीरातला जंतू मेला होता, यात शंका नाही. बहुविध औषधोपचार भारतात १९८३ पासून सुरू झाला आणि या औषधांनी खरोखर चमत्कार केला आहे. रिफॅम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेत बहुसंख्य जंतू मरतात, रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग थांबतो. सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांत रोग बरा होतो, तोही फुकट. मात्र जंतू मारणे आणि नस वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. हे का, हे समजण्यासाठी नसेच्या आत डोकवावे लागेल. विषय थोडा किचकट आहे, पण सोनगीरकरांना तो अवघड जाऊ नये, कारण तो मिश्रधातू आणि कल्हई यांच्यासारखाच आहे.

आपली मज्जापेशी ही शरीरातील सर्वांत लांब पेशी. तिचे मुख्य अंग पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या लगत असते आणि तिचा धागा, ज्याला अक्षतंतू म्हणतात, तो थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. उंच माणसात ही लांबी मीटरभर भरते. एवढा लांब आणि केसाहून कितीतरी बारीक धागा आतून पोकळ राहिला, तर तो टिकणार कसा? म्हणून त्याच्या आत लांबीच्या दिशेने हजारो सूक्ष्म तंतू भरलेले असतात. त्यांना न्यूरोफिलामेंट म्हणतात. एकेका तंतूची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढी. आपल्या केसांत आणि नखांत जे केराटिन असते, त्याच मोठ्या कुळातले हे तंतू. तंबूला जसे बांबू, तसे अक्षतंतूला हे तंतू. ते भरपूर असले की अक्षतंतू जाड राहतो, आणि जाड अक्षतंतूतून संदेश वेगाने जातो.

हे तंतू एकाच प्रथिनाचे नसतात. १९७५ मध्ये हॉफमन आणि लासेक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंत तीन प्रथिनांचे त्रिकूट दाखवून दिले. वजनावरून त्यांना हलके, मध्यम आणि जड अशी नावे पडली. पुढे त्यात आणखी भर पडली. मेंदू आणि मज्जारज्जूत अल्फा-इंटरनेक्सिन नावाचे चौथे प्रथिन या तिघांच्या जोडीला असते. हातापायांकडे जाणाऱ्या नसांत त्याच्या जागी पेरिफेरिन असते. पितळ म्हटले की तांबे आणि जस्त आलेच, पण किती तांब्याला किती जस्त, यावर पत्रा ठोकता येईल की तडकेल हे ठरते. तसाच प्रकार येथे आहे. १९९३ मध्ये उंदरांवर असे प्रयोग झाले, की या प्रथिनांपैकी एकच प्रमाणाबाहेर वाढवले. उंदरांच्या मज्जापेशी आजारी पडल्या. १९९७ मध्ये हलके प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांचे अक्षतंतू बारीक राहिले आणि दुखापतीनंतर नस पूर्ववत व्हायला फार उशीर लागला. जपानमध्ये लावा पक्ष्यांची एक जात अशीच निघाली, जिच्यात हे तंतूच नव्हते. ते पक्षी सदा थरथर कापत.

आता कल्हई. मध्यम आणि जड प्रथिनांना लांब शेपट्या असतात आणि त्या तंतूच्या बाजूला बाहेर येतात. जड प्रथिनाच्या शेपटीवर चाळीसहून अधिक ठिकाणी फॉस्फेटचा कण बसू शकतो. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते आणि कल्हई केली की तेच भांडे निर्धोक होते. भांडे तेच, वरचा थर बदलला. फॉस्फेटचेही तसेच. निरोगी, जाड अक्षतंतूत या शेपट्यांवर फॉस्फेट भरपूर असते. अक्षतंतू जेथे बारीक असतो तेथे ते कमी असते. या फॉस्फेटमुळे तंतू एकमेकांपासून अंतर राखतात की त्यांची चाल मंदावते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तो त्यांना घालू द्या.

आपल्याला महत्त्वाचे हे, की ही कल्हई करण्याचा हुकूम बाहेरून येतो. अक्षतंतूभोवती मायेलिनचे आवरण गुंडाळणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांना श्वान पेशी म्हणतात. (श्वान हे एकोणिसाव्या शतकातील एका जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव, कुत्र्याशी संबंध नाही.) १९९२ मध्ये उंदरांवरील प्रयोगात असे दिसले, की आवरण बिघडलेले असेल तर त्याखालच्या अक्षतंतूतील तंतूंवर फॉस्फेट कमी बसते आणि अक्षतंतू बारीक होतो. आणि कुष्ठरोगाचा जंतू, जो नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला, तो घर करतो ते नेमके याच श्वान पेशींत. शरीराचे थोडे थंड भाग त्याला मानवतात. म्हणून कातडीलगतच्या नसा, कोपरामागची, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची, आतल्या घोट्यामागची, त्याच्या तावडीत आधी सापडतात.

हे सगळे परदेशातले उंदीर आणि पक्षी, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आपल्याच राज्यातला आहे. जे. जे. रुग्णालयातील प्लॅस्टिक सर्जरीचे नामवंत डॉक्टर कै. डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर आणि बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया करण्यात हयात घालवली. मुंबईत वरळी येथे फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था त्यांनी उभी केली. या संस्थेत डॉ. वनजा शेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगातील नस या एकाच विषयाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. २००४ मध्ये त्यांनी कुष्ठरुग्णांच्या नसांतील न्यूरोफिलामेंट प्रथिनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बऱ्याच नसांत ही प्रथिने घटलेली होती, काहींत तर त्यांचा मागमूस लागेना. २००९ मध्ये त्यांचा दुसरा अभ्यास आला. त्यात उंदरांच्या तळपायात कुष्ठजंतू टोचले होते. तपासली ती वर मांडीत असलेली मोठी नस. तेथील जड आणि मध्यम प्रथिनांवरचे फॉस्फेट कमी झालेले होते, आणि ते बसवणाऱ्या विकराचे कामही मंदावले होते. जंतू तळव्यात आणि कल्हई उडाली मांडीत! हे वाचले तेव्हा मला त्या तांबटाचा कोपर आठवला. पाठीवरचा डाग मावळत असताना त्याच्या कोपरात काय चालले असेल, याचा थोडा तरी अंदाज या कामावरून येतो.

एवढ्यावर नुकसान थांबत नाही. मेलेल्या जंतूंचे अवशेष नसेत पडून राहतात. त्यांच्यावर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडली, की नस सुजते. यालाच आम्ही रिअ‍ॅक्शन म्हणतो. ती औषधे चालू असताना येते, तशी औषधे संपल्यावरही येते. रुग्णाला वाटते रोग उलटला किंवा औषध बाधले, आणि तो भगताकडे जातो किंवा घरी बसतो.

घरी बसण्याने काय होते, ते नसेच्या चालीवरून कळेल. न्यूरोफिलामेंटचा माल अक्षतंतूत जागच्या जागी तयार होत नाही. तो कण्याजवळच्या पेशीत तयार होऊन धाग्यातून पुढे पाठवावा लागतो. त्याची गती दिवसाला जास्तीत जास्त मिलिमीटरभर, बहुधा त्याहूनही कमी. २००० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली ही वाहतूक प्रत्यक्ष पाहता आली, तेव्हा मौज दिसली. तंतू निघाला की वेगाने धावतो, पण बहुतेक वेळ तो थांबूनच असतो. सोनगीर, नरडाणा, शिरपूर, प्रत्येक थांब्यावर तासन् तास उभी राहणारी एस.टी. समजा. या हिशेबाने कण्यापासून अंगठ्यापर्यंत माल पोहोचायला पावणेतीन वर्षे तरी हवीत. तुटलेला अक्षतंतू पुन्हा वाढतो तोही दिवसाला साधारण मिलिमीटरच. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत म्हणजे वर्षाहून अधिक काळ, आणि वाटेत सुजेचा व्रण झालेला असेल तर वाट बंद. सुजलेल्या नसेला प्रेडनिसोलोन वेळेवर मिळाले, म्हणजे बधिरपणा किंवा अशक्तपणा येऊन सहा महिने व्हायच्या आत, तर पुष्कळांचा हात पाय वाचतो. जितके लवकर तितके चांगले. सहा महिने उलटले की आशा झपाट्याने कमी होते. (हे औषध दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. साखर, रक्तदाब आणि दडलेला क्षय ते वर काढते.)

आता माझी तक्रार. कुष्ठरोगाची विकृती मोजण्याच्या श्रेणी तीन आहेत. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे हात किंवा पाय बधिर, पण दिसण्यात बिघाड नाही. दोन म्हणजे बोटे वाकडी, जखमा, डोळा न मिटणे, जे कोणालाही दिसते. कार्यक्रम किती यशस्वी झाला हे ठरवताना मोठे माप कोणते, तर नव्या रुग्णांत दुसऱ्या श्रेणीचे किती. हे माप उशिरा निदान किती होते, ते सांगते, एवढे मान्य. पण वाचवता येण्यासारखी नस असते ती पहिल्या श्रेणीत. पहिल्या श्रेणीतला माणूस दुसरीत गेला, आणि तो उपचार पूर्ण झाल्यावर गेला, तर ते अपयश कोणाच्या खात्यावर मांडणार? तेव्हा त्याचे नाव यादीत नसते. त्या तांबटाच्या बाबतीत सरकारी कागद सांगतो 'उपचार पूर्ण', त्याचा हात सांगतो वेगळेच.

नस तपासायची पद्धत कार्यक्रमाच्या पुस्तिकेत नाही, असेही नाही. बॉलपेनच्या टोकाने तळहात आणि तळपाय तपासणे, करंगळी बाजूला नेऊन ताकद पाहणे, अंगठा, मनगट, पाऊल वर उचलायला लावणे, डोळे मिटायला लावणे, हे सारे तेथे लिहिलेले आहे. होत नाही, एवढेच. कर्मचारी मंडळी म्हणतात, वेळ कोठे आहे? लसीकरण, हिवताप, क्षय, प्रसूती, शिवाय रोज नवे रकाने भरायचे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण माझ्या अनुभवाने एका रुग्णाला दहा मिनिटे लागतात, आणि आज एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत रुग्णांची संख्या पूर्वीसारखी शेकड्यांत नाही. रुग्ण थोडे उरले, तर प्रत्येकाला वेळ जास्त मिळायला हवा. झाले उलटे. रुग्ण थोडे म्हणून हे कामच बिनमहत्त्वाचे ठरले आणि नस ओळखणारी अनुभवी बोटे निवृत्त होत गेली. माझी मागणी साधी आहे. रुग्णाच्या कार्डावर नसांच्या तपासणीचा रकाना दर महिन्याला भरला गेला पाहिजे, आणि औषधे संपल्यावरही निदान दोन वर्षे दर तीन महिन्यांनी त्याला बोलावले पाहिजे. यादीतून नाव काढायचे तर खुशाल काढा, बोलावणे थांबवू नका.

रुग्ण येत नाहीत, हेही खरे. लपवण्याची सवय शतकानुशतकांची आहे. १८९८ चा कायदा, जो या रुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देत होता, तो २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरले जाई, तेही २०१९ च्या कायद्याने काढून टाकले. कायदा बदलला म्हणून सोयरीक जमवताना कोणी विचारायचे थांबवले आहे, असे मला तरी दिसत नाही. त्यामुळे एकदा 'बरा झाला' असे सांगितलेला माणूस पुन्हा त्या दाराशी जायला धजत नाही.

अलीकडे हलक्या न्यूरोफिलामेंट प्रथिनाची रक्त तपासणी निघाली आहे. अक्षतंतू तुटला की हे प्रथिन गळून रक्तात येते आणि अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही मोजता येते. एका आनुवंशिक मज्जाविकारावरील टोफर्सेन या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती याच प्रथिनाची पातळी उतरली या आधारावर. शास्त्र पुढे जात आहे, आनंद आहे. पण ती तपासणी 'कोठे तरी तंतू तुटत आहेत' एवढेच सांगते. वयाने, मधुमेहाने, पक्षाघातानेही ती पातळी वाढते. नस कोपराची की घोट्याची, हे रक्त सांगत नाही. ते सांगायला पाच रुपयांचे बॉलपेन पुरते.

ती तपासणी घरीही करता येईल. डोळे मिटून बसा. दुसऱ्याने पेनाच्या टोकाने तळहातावर आणि तळपायावर हलकेच, निरनिराळ्या ठिकाणी टेकवावे. जेथे टेकवले तेथे बोट ठेवून दाखवा. जागा नेमकी दाखवता येत नसेल किंवा कळतच नसेल, तर त्या जागी नसेचे काम बिघडले आहे. भेगा पडलेल्या जाड तळव्यावर मात्र ही परीक्षा फसते. दोन्ही पायांचे तळवे सारखेच बधिर, मुंग्या येणाऱ्या असतील, तर आजकाल बहुधा मधुमेह निघतो, कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. म्हणून आधी साखर तपासावी. पण एकाच हाताची करंगळी, एकच पाऊल किंवा एकच डोळा असा बिघाड असेल, अंगावर न खाजणारा, न दुखणारा फिकट किंवा लालसर डाग असेल किंवा पूर्वी कधी असला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. आशाताईंना सांगितले तरी चालते. तेथून गरज पडल्यास धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. औषधांना पैसा पडत नाही. तळवे बधिर असतील तर मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या चपलाही कार्यक्रमातून मिळतात. त्या मागून घ्याव्यात.

औषधे पूर्वीच पूर्ण झालेल्यांनी कार्ड जपून ठेवावे आणि सोबत आणावे. आणि भट्टीवर काम करणाऱ्यांनी संध्याकाळी हात धुतल्यावर दोन्ही तळहात उजेडात धरून पाहावेत. फोड दिसला आणि तो केव्हा पडला हे आठवत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी दवाखान्यात यावे.